वीस उत्तर, ऐंशी पूर्व : फिरत्या उपग्रह-केंद्राच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३, नागपूर

हौशी रेडिओवाला (हॅम) म्हणून गच्चीवरून उपग्रहांमार्फत इतर हौशी लोकांशी बोलायला लागलो तो काळ हॅमसॅटचा होता. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोबत गेलेला हा आपला छोटा उपग्रह २०१४ च्या जुलैपर्यंत चालला. त्यावर दोन ट्रान्सपॉन्डर (खालून आलेले बोलणे दुसऱ्या वारंवारतेवर परत खाली पाठवणारी यंत्रे) होते, एक बंगळूरच्या हौशी मंडळींच्या सहभागाने तयार झालेला आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने बांधलेला. तेव्हा समोरच्या माणसाला ‘नागपूर’ म्हटले की पुरत असे. आता पहिला प्रश्न ग्रिडचा, म्हणजे नकाशावरचा तुमचा चौकोन कोणता याचा येतो, आणि माझे उत्तर गेली कित्येक वर्षे एकच आहे : एमएल ९१. ज्यांना ते हवे होते त्यांच्याकडे ते केव्हाच जमा झालेले आहे.

ही नोंदवही मी वाचायला देणार आहे, म्हणून ग्रिडची पद्धत एकदाच लिहून ठेवतो. १९८० साली इंग्लंडमधील मेडनहेड गावी झालेल्या बैठकीवरून या पद्धतीला नाव पडले. तिच्यात पृथ्वीची ३२४ मोठी क्षेत्रे पाडलेली आहेत. प्रत्येक क्षेत्र २० अंश रेखांश आणि १० अंश अक्षांश एवढे असून त्याला दोन अक्षरांचे नाव असते. प्रत्येक क्षेत्राचे पुन्हा शंभर चौकोन होतात आणि त्यांना दोन आकडे मिळतात. आपल्याकडे एक चौकोन पूर्व-पश्चिम दोनशे किलोमीटरांहून थोडा जास्त आणि दक्षिणोत्तर १११ किलोमीटर भरतो. उपग्रहांमार्फत असे शंभर चौकोन गाठले की अमेरिकेतील एआरआरएल संघटनेचे व्हीयूसीसी हे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि त्यापुढे शौकीन माणूस थांबत नाही. परिणामी ज्या चौकोनात कायमचा रेडिओवाला नाही, तो चौकोन दूरच्या लोकांना हवाहवासा होतो. विदर्भात असे चौकोन घरापासून तीन-चार तासांच्या रस्त्यावर पसरलेले आहेत.

आज सकाळी नकाशा घेऊन बसलो असता एक गोष्ट लक्षात आली, जी खरे तर वीस वर्षांपूर्वीच यायला हवी होती. मोठ्या क्षेत्रांच्या सीमा रेखांशात दर २० अंशांवर आणि अक्षांशात दर १० अंशांवर येतात. भारतातून यांपैकी एकच रेखांश जातो, ८० अंश पूर्व. त्याला १०, २० आणि ३० अंश उत्तर हे अक्षांश छेदतात. पहिला छेद समुद्रात पडतो आणि तिसरा उत्तराखंडच्या डोंगरांत. मधला छेद आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, गडचिरोली शहराच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर येतो. त्या एका बिंदूवर एमएल ९०, एनएल ००, एमके ९९ आणि एनके ०९ हे चार चौकोन मिळतात आणि चारही चौकोन चार वेगवेगळ्या क्षेत्रांतले आहेत. तिथून झालेला एक संवाद समोरच्याला चारही चौकोनांचे श्रेय देतो. अट एवढीच की आपण खरोखर त्या बिंदूवर असले पाहिजे.

याच बिंदूवर केंद्र लावायचे ठरवले.

२१ ऑक्टोबर २०२३

अँटेना तयार झाली. इतवारीतून ॲल्युमिनियमच्या कांड्या आणल्या आणि बूम, म्हणजे कांड्या बसवायचा मधला दांडा, म्हणून सागाची पट्टी घेतली. दोन मीटर तरंगलांबीच्या बँडचे (यावर पाठवायचे) तीन घटक आणि सत्तर सेंटिमीटर तरंगलांबीच्या बँडचे (यावर ऐकायचे) सात घटक एकाच पट्टीवर, परस्परांशी काटकोनात बसवले आहेत. मोठ्या कांड्या सुमारे एक मीटर लांब आहेत, लहान जेमतेम एक फूट. काटकोनाचा हेतू असा की एका बँडवर पाठवताना त्याची ताकद दुसऱ्या बँडच्या घटकांत कमीत कमी उतरावी. घटक स्क्रूने निघतात आणि सगळे मिळून क्रिकेटच्या किटबॅगेत मावते.

पाठवण्यासाठी पाच वॅटचा जुना एफटी-८१७ रेडिओसंच घेतला आहे. ऐकण्यासाठी लॅपटॉपला जोडलेला एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकावर चालणारा छोटा रिसीव्हर आहे. पाठवत असतानाच स्वतःचा आवाज उपग्रहावरून परत ऐकू येणे रेषीय ट्रान्सपॉन्डरवर, जिथे एकाच वेळी अनेक संवाद चालतात, फार महत्त्वाचे असते. स्वतःला न ऐकता बोलणारा माणूस तिथे दुसऱ्याच्या संवादावर जाऊन बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

२९ ऑक्टोबर २०२३

गच्चीवर आरएस-४४ चा पहिला प्रयोग केला, तो फसला.

हा रशियन उपग्रह २६ डिसेंबर २०१९ रोजी सोडलेला आहे आणि रॉकेटच्या ज्या ब्रीझ टप्प्याने त्याला वर नेले त्याला तो अजून चिकटूनच आहे. साधारण ११७५ ते १५११ किलोमीटर उंचीवर असल्याने त्याचा पास (एका फेरीत तो आपल्या आकाशात असतो तो काळ) वीस-बावीस मिनिटांपर्यंत चालतो आणि चार हजार किलोमीटरच्या आसपास त्रिज्येचा प्रदेश त्याला एका वेळी दिसतो. माझ्या कामासाठी याहून चांगला उपग्रह सध्या नाही. वर १४५.९३५ ते १४५.९९५ मेगाहर्ट्झ आणि खाली ४३५.६१० ते ४३५.६७० मेगाहर्ट्झ असा त्याचा ट्रान्सपॉन्डर असून तो उलटा आहे : वर एलएसबीने बोलायचे, खाली यूएसबी ऐकू येते (दोन्ही एसएसबी या प्रसारणपद्धतीचेच प्रकार) आणि आपण वरची वारंवारता वाढवली की खालची तितकीच उतरते.

बीकन, म्हणजे उपग्रहाचा स्वतःचा ओळखसंकेत, ४३५.६०५ वर स्वच्छ ऐकू आले, जपानी स्थानकेही ऐकू आली. परंतु मी माइकची कळ दाबली की लॅपटॉपच्या पडद्यावरची संकेतांची सगळी रांग नाहीशी होऊन नुसता खरखराट उरत असे आणि कळ सोडताच जपान परत येत असे. पुतण्या शेजारी उभा राहून हे पाच-सहा वेळा बघत होता. शेवटी तो म्हणाला, “काका, तुम्ही बोलले की तेच पळून जाते.” निदान अचूक होते. हातभर अंतरावरून निघणारे पाच वॅट डोंगलच्या उघड्या तोंडात शिरत होते आणि तो बिचारा बहिरा होत होता.

५ नोव्हेंबर २०२३

डोंगलच्या आधी हाय-पास फिल्टर (खालच्या वारंवारता अडवून वरच्या जाऊ देणारा) बसवला, दोन मीटरची ताकद तिथेच अडली आणि स्वतःचा आवाज पहिल्यांदा परत आला. फिल्टरचा डबा काडेपेटीएवढा आहे. ‘वन, टू, थ्री’ म्हटल्यावर किंचित उशिरा आणि थोड्या चढ्या पट्टीत तेच शब्द ऐकू येतात. मग एका हाताने खालची वारंवारता सरकवत आवाज नैसर्गिक करायचा. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना सत्तर सेंटिमीटरवर डॉपलरमुळे काही किलोहर्ट्झची घसरण सतत चालू असते, म्हणून हे सरकवणे पास संपेपर्यंत सुटत नाही. दुसऱ्या हातात अँटेना असते. लिहायला तिसरा हात लागतो, तो पुतण्याचा.

१९ नोव्हेंबर २०२३, पांढरकवडा

चार चौकोनांच्या आधी दोन चौकोनांची रंगीत तालीम केली. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्याच्या जरा दक्षिणेला २० अंश अक्षांश ओलांडतो. रेषेच्या अलीकडे एमएल ९० आणि पलीकडे एमके ९९. आज दुपारपासून विश्वचषकाचा अंतिम सामना असल्यामुळे रस्ता इतका मोकळा होता की गाडी बाजूला घेऊन अँटेना उभारली तरी कोणी विचारायला थांबले नाही.

जाताना हिंगणघाटला थोडे थांबलो. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख विल्यम लॅम्बटन याचा १८२३ साली तिथेच मृत्यू झाला. दक्षिणेकडून ७८ अंश रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची साखळी जोडत तो वर चालला होता. ७८ अंश ही आमच्याही चौकोनांची एक सीमा आहे, म्हणून त्या माणसाबद्दल मला शेजाऱ्यासारखी आपुलकी वाटते. या आपुलकीची किंमत पुढच्या महिन्यात मोजावी लागणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

तालमीत एसओ-५० वर तीन संवाद झाले. २००२ च्या डिसेंबरात सोडलेला हा उपग्रह एफएमचा असून त्यावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. त्याला जागे करण्यासाठी आधी दोन सेकंद ७४.४ हर्ट्झचा टोन द्यावा लागतो; मग दहा मिनिटांचे घड्याळ चालू होते आणि पुढचे बोलणे १४५.८५० वर ६७ हर्ट्झच्या टोनने करायचे असते. खाली ऐकताना ४३६.८०५ पासून सुरुवात करून पास संपेपर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झने ४३६.७८५ पर्यंत उतरावे लागते. इथे एक धडा मिळाला. दोन चौकोनांची नावे नीट उच्चारून सांगायलाच मला सहा-सात सेकंद लागले आणि तेवढा वेळ अर्धा आशिया माझ्यासाठी खोळंबला. चार चौकोन एफएमवर वाचून दाखवणे हा उद्धटपणा ठरेल. चारांचे काम आरएस-४४ वर करायचे आणि एसओ-५० वर हात राखून बोलायचे, असे ठरवले.

आयओ-८६ चाही प्रयत्न केला. इंडोनेशियाचा हा उपग्रह २०१५ साली ॲस्ट्रोसॅटबरोबर श्रीहरिकोट्याहून गेला आणि विषुववृत्तालगत केवळ सहा अंशांच्या कलाने फिरतो. हिशेब केला तर नागपूरहून तो दक्षिण क्षितिजावर फार तर तेरा अंशांपर्यंत चढतो आणि एक अंश दक्षिणेला सरकले की त्यात जेमतेम दोन अंशांची भर पडते. त्याचा ट्रान्सपॉन्डर आज बंद असावा, कारण काहीच ऐकू आले नाही. परतताना चहाच्या टपरीवर सामन्याचा निकाल कळला आणि गाडीत नागपूरपर्यंत कोणी बोलले नाही.

२८ नोव्हेंबर २०२३

अवकाळी पाऊस. पाहणीचा दौरा पुढे ढकलला.

१७ डिसेंबर २०२३, चामोर्शी तालुका

पहाटे निघून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या रस्त्याने गडचिरोली गाठले. या भागात कोणी अनोळखी माणूस काठीवर धातूच्या कांड्या लावून आकाशाकडे रोखतो, हे दृश्य लोकांनी कोणत्या नजरेने पाहावे याचा विचार आपणच आधी केलेला बरा, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याची प्रत, पुढच्या महिन्यातील तारीख आणि जागा असा अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी अँटेना हातात घेऊन पाहिली आणि ती छत्रीसारखी मिटत का नाही, असे विचारले. चांगली सूचना आहे.

आता जागेविषयी. माझ्या शेजारी एक निवृत्त सर्वेक्षक काका राहतात. त्यांच्याकडे जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आहेत आणि त्यांनी ते मोठ्या उत्साहाने दिले. गंमत अशी की २० उत्तर, ८० पूर्व हा बिंदू त्या नकाशांच्याही चार तुकड्यांचा मिळण्याचा बिंदू आहे : ५५पी/१६, ५६एम/१३, ६४डी/४ आणि ६५ए/१. चार कागद शेजारी मांडले की मधोमध तो कोपरा येतो. त्या कोपऱ्यापासून ओढ्याचे वळण आणि गाडीवाट यांची अंतरे मोजून मी जागा पक्की केली, तिथे नेमका जाऊन उभा राहिलो आणि समाधानाने फोन काढला.

फोनने दाखवले : २० अंश ० मिनिटे ३ सेकंद उत्तर, ७९ अंश ५९ मिनिटे ५४ सेकंद पूर्व.

म्हणजे मी कोपऱ्यावर नव्हतोच. मी बऱ्यापैकी एमएल ९० च्या आत होतो आणि ऐंशीव्या रेखांशापासून दीडशे मीटरांहून जास्त पश्चिमेला. फोन बंद करून पुन्हा चालू केला, वीस मिनिटे थांबलो, पुतण्याचा फोन पाहिला, आकडे तेच. गाडीत परत येऊन चारही कागद बॉनेटवर पुन्हा मांडले, मोजमापे पुन्हा केली, तीही तीच आली. कागद आणि फोन दोघेही ठाम होते आणि त्या दोघांच्या मधे मी उभा होतो.

२३ डिसेंबर २०२३, नागपूर

काकांनी प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवला. त्यांनी नकाशाच्या समासाकडे बोट दाखवले. हे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर काढलेले आहेत. लॅम्बटननंतर सर्वेक्षणाची धुरा घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार हिशेबाने काढला, तोच भारताच्या नकाशांखाली पुढे दीडशेहून अधिक वर्षे राहिला. फोनमधील जीपीएस आणि आजची मेडनहेड पद्धत डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या आकारावर चालतात. दोन्ही आकार जवळजवळ सारखे आहेत, पण त्यांची केंद्रे एकाच ठिकाणी नाहीत, त्यामुळे जमिनीवरच्या एकाच दगडाला दोन पद्धतींत वेगळे अक्षांश-रेखांश मिळतात. आमच्या भागात हा फरक दोनशे मीटरच्या आसपास येतो आणि एव्हरेस्टचा ‘८० पूर्व’ जीपीएसच्या ‘८० पूर्व’पेक्षा पश्चिमेला पडतो. १:५०,००० च्या कागदावर दोनशे मीटर म्हणजे चार मिलिमीटर. मी चार मिलिमीटर चुकलो होतो.

काका म्हणाले, “नकाशा नाही चुकला रे, तू त्याला विचारायचं ते विचारलं नाहीस.” मी मान्य केले. मात्र अशी चूक करून जर मी केंद्र लावले असते, तर जगभरच्या लोकांनी चार चौकोन म्हणून नोंदवलेला संवाद प्रत्यक्षात एकाच चौकोनातला ठरला असता आणि ते कोणाला कधी कळलेही नसते. या विचाराने अजून अस्वस्थ व्हायला होते. या छंदात समोरचा माणूस आपल्या शब्दावर आपली जागा लिहून घेतो. तपासायला कोणी येत नाही.

१३ जानेवारी २०२४, चामोर्शी तालुका

जीपीएसचा खरा बिंदू ज्या बांधीत आला ती धान कापून झालेली होती, पण त्यात लाखोळी उभी होती. आधी मालकांना शोधून काढले. आम्ही टेप धरून वाकलेले पाहून त्यांचा पहिला प्रश्न होता, “काय मोजून राहिले साहेब? रस्ता येऊन राहिला का इकडून?” रस्ता नाही, कालवा नाही, खाण तर मुळीच नाही, एवढे पटवायला एक तास गेला. आकाशातून जाणाऱ्या यंत्रामार्फत जपानशी बोलायचे आहे, हे त्यांना रस्त्यापेक्षा लवकर पटले. लाखोळी तुडवायची नाही या अटीवर त्यांनी परवानगी दिली आणि बिंदू बांधाला अगदी लागून असल्याने ती पाळता आली.

हातातल्या जीपीएसचा आकडा एका जागी स्थिर राहत नाही, तीन-चार मीटर इकडेतिकडे भटकतो. म्हणून उपकरण जमिनीवर ठेवून पाऊण तास सरासरी घेतली आणि त्या जागी बांबूची खुटी ठोकली. तिपाई खुटीच्या बरोबर वर उभी केली. बसायची सतरंजी अशी टाकली की माझा उजवा गुडघा एनके ०९ मध्ये, डावा एमके ९९ मध्ये, बॅटरी एनएल ०० मध्ये आणि पुतण्या वहीसकट एमएल ९० मध्ये येईल. रचना हास्यास्पद दिसत होती, तरी नियमाला धरून होती.

संध्याकाळचा आरएस-४४ चा पास उत्तरेकडून आला. ‘माइक लिमा नाइन झीरो, नोव्हेंबर लिमा झीरो झीरो, माइक किलो नाइन नाइन, नोव्हेंबर किलो झीरो नाइन’ हे चार चौकोनांचे रेडिओवरचे उच्चार मी गाडीत इतक्या वेळा घोकले होते की पुतण्या ते झोपेत म्हणू शकेल. पहिला प्रतिसाद रशियातून आला आणि त्या माणसाने चारही चौकोन पुन्हा म्हणून दाखवले. त्याच्या आवाजातला अविश्वास एसएसबीच्या खरखरीतूनही कळत होता. त्यानंतर एकाच वेळी पाच-सहा जण हाक मारू लागले. अशा गर्दीच्या, म्हणजे पाइलअपच्या, या टोकाला मी आयुष्यात पहिल्यांदाच होतो आणि सुरुवातीची दोन मिनिटे मी ती वाईट हाताळली : अर्धवट ऐकलेली कॉलसाइन (स्थानकाचे ओळखनाव) पूर्ण करून घेण्याऐवजी सगळ्यांनाच ‘पुन्हा’ म्हणत राहिलो, त्यामुळे गोंधळ वाढला. मग ऐकू आलेली शेवटची दोन अक्षरे म्हणायची आणि बाकीच्यांनी थांबायचे, ही शिस्त लावली. पास संपेपर्यंत अकरा संवाद झाले.

रात्री दव इतके पडले की सागाची पट्टी फुगून दोन घटकांचे स्क्रू निघेनात. तिला वॉर्निश लावायला हवे होते.

१४ जानेवारी २०२४

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आरएस-४४ चा पास, सतरा संवाद, बहुतेक जपान आणि एक थायलंड. एसओ-५० वर चार. अंतराळ स्थानकाचा रिपीटर (ऐकलेले पुन्हा प्रसारित करणारे यंत्र) ४३७.८०० वर ऐकू आला, पण त्यात शिरता आले नाही. सकाळी बांधीच्या मालकांच्या घरून चहा आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीच तिळगूळ आला. खुटी तशीच ठेवून निघालो.

२१ जानेवारी २०२४, नागपूर

लॉग, म्हणजे संवादांची नोंदवही, संगणकावर चढवला. एआरआरएलच्या लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीमध्ये एकाच जागेसाठी चार चौकोन स्वल्पविरामाने लिहिता येतात, त्यामुळे ते काम सोपे झाले. चूक दुसरीकडे निघाली. आमच्या नोंदी जागतिक वेळेत ठेवायच्या असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १४ तारखेच्या पहाटेचे ५:१० म्हणजे जागतिक वेळेत १३ तारखेचे २३:४०. पुतण्याने वेळ बरोबर वजा केली होती, पण तारीख १४ च ठेवली होती. पास जागतिक वेळेची मध्यरात्र ओलांडून गेला असल्याने आपल्या पाच वाजून तीस मिनिटांनंतरच्या नोंदी बरोबर आणि आधीच्या चुकीच्या, अशी खिचडी झाली होती. सतरापैकी चौदा नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या.

२५ फेब्रुवारी २०२४

बत्तीसपैकी सव्वीस संवादांची पुष्टी आली आहे. एका जपानी स्थानकाने फक्त एमएल ९० नोंदवले आहे. त्यांना चारही चौकोन कळवले. दोघांची नोंद अजिबात जुळत नाही, बहुधा कॉलसाइन मीच चुकीची ऐकली. तिघांकडून अजून काहीच आलेले नाही.

दुपारी बांधीच्या मालकांचा फोन आला. लाखोळी काढायला आली आहे आणि खुटी मधे येते, काढू का, असे विचारत होते. काढा म्हणालो. पुढच्या वेळी पुन्हा पाऊण तास सरासरी घेऊ. पट्टीला वॉर्निशचा दुसरा हात उद्या द्यायचा आहे.